कपाटाच्या पायाखालच्या वाट्या

तारा,

दोन्ही बादल्या शोधू नको. शेजारच्या मथुराबाईचा ड्रम भरून द्यायले कोहका गावच्या विहिरीवर घेऊन गेलो. डबा राहू दे, तिथूनच ड्युटीवर जाईन.

काल क्वार्टरच्या साऱ्या लाइनीनं तुझ्या नवऱ्याचा तमाशा पाहिला. मच्छरायची दवा मारून काही होत नाही, साचलेलं पाणी सांडा म्हणजे मच्छर जातात, असं ओरडत मी तिचा ड्रमच उलटा केला. डोक्यावर वाहून आणलेलं पाणी होतं ते. बिचारी पाहतच राहिली.

आज पहाटे खालच्या फळीवरचं तूप काढायले वाकलो, तर मच्छरायच्या अळ्या आपल्याच घरात. मुंग्या चढू नये म्हणून कपाटाच्या पायाखाली मीच पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. त्या चारहीत अळ्या वळवळून राहिल्या. पाणी उन्हात फेकजो आन वाट्यांत चुलीतली कोरडी राख भरजो. राखेवरून मुंगी चढत नाही.

साऱ्यायसमोर ओरडलो, तर संध्याकाळी माफीही साऱ्यायसमोरच मागीन.

पन त्या कपाटाखाली रोज तूच झाडते. तुले अळ्या दिसल्याच असतीन. मी मथुराबाईवर ओरडून राहिलो होतो तवा तू दारातच उभी होती, आन एक शब्द बोलली नाही.

कावून नाही बोलली, ते सांगू नको. साऱ्यायसमोर माही मान खाली जाऊ नये म्हणून, हे मले समजलं.