एका हवेवर दोन नाड्या

ता. ४ मार्च १९००, रविवार. वाडी, बडोदे.

माझ्या हातची कामं, आजवरची: सावली गावच्या कचेरीचं लंबकाचं घड्याळ, त्यातली तीन चाकं कानशीने घासून नवी. पितळी कुलपं एकोणीस, एकाचीही किल्ली दुसऱ्याला लागत नाही. सोनाराचे तराजू दोन. हातपंप एक, अजून चालू. छातीला लावून ऐकायच्या डॉक्टरी नळ्या सहा, शिसवी लाकडाच्या. शिक्षण मराठी चौथी. गुरू कोणी नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण या घरात मला मिस्त्री म्हणतात.

घर सरदार पिलाजीरावांचं. त्यांची तीन घड्याळं तीन वेगळ्या वेळा दाखवत, ती एका वेळेवर आणायला मला सावलीहून बोलावलं. तबेल्यावरची खोली दिली आहे. खिडकी पूर्वेला, कानशीच्या कामाला असा उजेड सावलीत कधी मिळाला नाही. ताटात बाजरीचा रोटला आणि शेजारी आमटी, आणि इथली भाषाही तशीच, निम्मी आपली निम्मी गुजराती. मन प्रसन्न आहे.

संध्याकाळी माडीवरच्या चिकाच्या पडद्याआडून त्यांची मुलगी मंदाकिनी, वय अकरा, हिने विचारलं की तिन्ही घड्याळं एकदम वाजू लागली तर आईसाहेबांनी आबासाहेबांशी भांडायचं कशावरून. खालचे नोकर हसले. मीही. पण एवढं बोलून पोरीला धाप लागली ती मला खाली ऐकू आली.

ता. ९ मार्च, शुक्रवार.

डॉक्टर गुणवंतराय येतात. नागर ब्राह्मण, सज्जन, बोलता बोलता गुजरातीत शिरतात. माझी एक नळी त्यांच्याकडेच निघाली. त्यांनी सांगितलं की दीड वर्षापूर्वी मुलीचा घसा आला, मग ताप, मग गुडघे-घोटे सुजले. सांधे बरे झाले, पण तापाने हृदयाची एक झडप खाल्ली. ती नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं. मला लगेच समजलं. पंपाच्या चामडी झडपेचंही असंच होतं. फरक इतकाच की पंपाची झडप मी बदलतो. हिला वर्ष निघेल की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत.

त्यांना रोजची नाडी कागदावर हवी आहे. अडचण घराण्याच्या रिवाजाची. इथल्या मुलीच्या मनगटाला परका पुरुष हात लावत नाही. वैद्यबुवा मनगटाला रेशमी दोरा बांधवून पडद्याबाहेर त्याचं टोक धरत आणि निदान सांगत. मी म्हटलं, दोऱ्यातून थापा येतात, नाडी येत नाही. रबराची नळी द्या, आठ दिवसांत यंत्र देतो. पिलाजीरावांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

ता. १७ मार्च, शनिवार.

झालं. मनगटावर पातळ रबराचा पडदा ताणलेली पितळी डबी. तिच्यातून नळी पडद्याबाहेर. बाहेर तशीच दुसरी डबी, तिच्यावर बांबूची कामटी, कामटीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर. कागद घड्याळाच्या चाकावर फिरतो. ठोका पडला की कामटी उडते, काळ्यावर पांढरी रेघ उमटते.

तुलनेला निरोगी नाडी हवी, असं डॉक्टर म्हणाले. बाहेरून कशाला आणायची? वय सत्तेचाळीस, एक दिवस ताप माहीत नाही, मिनिटाला अडुसष्ट, फणीच्या दात्यांसारखी. म्हणून दुसरी लेखणी माझ्या मनगटाची. दोन्हींवर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून दोन्ही नळ्या एका तीनतोंडी पितळी जोडाने जोडल्या आणि मध्ये तोटी ठेवली. असा जोड कोणत्याही पुस्तकात नाही. माझी कल्पना.

रोज सकाळी आठ वाजता, अर्धा तास. आत आईसाहेब वत्सलाबाई डबी बांधतात, बाहेर मी. आजची तिची रेघ: एकशे चोवीस, दर सहाव्या-सातव्याला ठोका गळतो. माझी: अडुसष्ट. माझ्या रेघेला उतरताना मधेच एक छोटा खांदा आहे, तो जन्मजात असणार.

तिने आतून विचारलं की दोघांत सुंदर अक्षर कोणाचं. मी म्हटलं, माझं. ती म्हणाली, काजळी तर माझीच जास्त लागते.

ता. २६ मार्च, सोमवार.

फार चांगली बातमी. तिची रेघ शंभरावर आली. गळके ठोके तीनच. काल ती जिना स्वतः चढली, वर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. डॉक्टर म्हणतात, आ तो नवाई छे, नवलच आहे, औषध तेच आहे. वत्सलाबाईंनी माझ्यासाठी शिरा पाठवला.

मला जरा थकवा आहे. ऊन फार. माझी रेघ आज पंच्याहत्तर. कामटी ढिली असावी.

ता. ३१ मार्च, शनिवार.

कामटी ढिली नाही. यंत्र सबंध उघडून पुन्हा जोडलं. लेखण्यांची अदलाबदल केली, रबर बदललं, चाक बदललं. फरक पडला नाही.

माझ्या रेघेत आज दोन ठोके गळाले.

तिच्या रेघेला उतरताना खांदा आला आहे. आजचा तिचा कागद मी सतरा तारखेच्या माझ्या कागदावर ठेवून खिडकीशी धरला. ठोक्याच्या आकारावर आकार तंतोतंत बसला. माझ्या हातून मापात चूक होत नाही. झाली असती तर बरं होतं.

ता. ३ एप्रिल, मंगळवार.

डॉक्टरांना म्हटलं, नळी जरा माझ्या छातीला लावा. पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मग विचारलं, लहानपणी सांधे सुजले होते का. कधीच नाही. झडपेशी फुंकर ऐकू येते म्हणाले. आणि मुलीच्या छातीतली फुंकर जवळजवळ गेली आहे. तिचा ठोका अकरा वर्षांच्या पोरीचा वाटत नाही, पोक्त माणसाचा वाटतो, असंही म्हणाले, आणि नजर चुकवून पेटी आवरू लागले.

जिना चढताना तीनदा बसलो.

ता. ४ एप्रिल, बुधवार.

आज आठ वाजता तोटी बंद केली. भ्यालो, ते लिहून ठेवतो.

दोन मिनिटं तिची रेघ ठीक. मग एकशे चाळीस — मग गळती — आत वत्सलाबाई म्हणू लागल्या की ओठ निळे पडताहेत. मी तोटी उघडली. रेघ सावकाश सरळ झाली. म्हणजे एका सकाळचं तिला दुसऱ्या सकाळी आठपर्यंतच पुरतं.

पडद्याआड पोरीचा श्वास जागेवर आला. मग ती हळूच म्हणाली, "काका, माझ्या आत तुम्ही चालताय. तुमच्या आत मी धापा टाकतेय ना?"

मी म्हटलं, यंत्रात हवा असते, माणसं नसतात. तिने विश्वास ठेवला नाही. मीही नाही.

टांगा सांगितला होता सावलीचा. परत पाठवला.

ता. ६ एप्रिल, शुक्रवार.

रोज आठला तोटी लगेच न उघडता मोजतो. काल तिची नाडी तोटीशिवाय अकरा मिनिटं टिकली. आज चाळीस. तिच्यात मुरतंय. माझ्यात तिचं मुरतंय. पाय सुजले. आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसतो.

ती म्हणते, पुरे, उद्यापासून डबी बांधणार नाही. वत्सलाबाई धरून बांधतात. रडणं ऐकू येतं. दोघींचं.

ता. ८ एप्रिल, रविवार.

नऊ तास टिकली. अंगणात पळत होती म्हणे.

मला शंभर पावलं चालवली — नाही, साठ —

ता. ९ एप्रिल.

तोटी सबंध दिवस बंद. तिची रेघ अडुसष्ट. खांद्यासकट. आता ती तिचीच. काम पुरं.

माझी मोजली नाही. लेखणी कागदाबाहेर जाते.

ता. १०.

पिलाजीराव खोलीवर आले. बसले. पोर वाचवलीत, तुम्हाला असं मरू देणार नाही, म्हणाले. दुष्काळी कामावर एक माणूस पाहून ठेवला आहे. तिशीचा. डबी त्याच्या मनगटाला बांधा, तोटी उघडा, तुमचं त्याच्यात जाईल. मग यंत्र इथेच चालवा. अशी मुलं आणखी दोन घरांत आहेत. आपल्यातलीच घरं. बोलणं झालं आहे.

मी विचारलं, त्या माणसाला काय सांगणार.

ते म्हणाले, "खडी फोडण्यापेक्षा बसून राहणं सोपं. तो विचारणार नाही."

नाही म्हटलं. ते म्हणाले, विचार करा, उद्या आठला त्याला घेऊन येतो. तुम्ही नसलात तर जोड काही अवघड दिसत नाही.

जोड मोडायला हवा. हातोडी मेजावर आहे, चार पावलं. उठतो. आधी हे पुरं लिहितो, कारण मागून कोणी म्हणेल रक्कम कमी पडली म्हणून नाही म्हटलं — आकडा चुकता कामा नये —

नाकारलं ते असं. मला रोख दोन हजार, शिवाय खोली कायमची. त्या माणसाच्या बायकोला रुपये तीस आणि बाजरी दीड —