सभेत वर केलेला हात

माय, तू शिपाई होतीस त्या बायकांच्या बँकेतले कॅशियर काका काल दुकानात आलते. शाळा सोडल्यापासून मी झेरॉक्सच्या दुकानात हाय. मशीनकडं तोंड केलं की कुणाशी बोलावं लागत न्हाई. पण त्यांनी वळखलंच. "तू आमच्या शिपाईणबाईची पोरगी ना? तिच्या चहात आलं लय असायचं."

मग त्यांनीच त्या सभेचं काढलं. मला एवढंच आठवतंय, मंगल कार्यालय, सतरंजी, मी तुझ्या मांडीवर. जिनिंगवर कापूस निवडणाऱ्या मावश्या बँकेच्या सभासद, त्यांना तूच घरोघर जाऊन आणलंस. चेअरमनताई माईकवर सांगायल्यात, आपली बँक बुडायली, मोठ्या बँकेत गेली तर वाचंल. मावश्या ताईंकडं न्हाई, तुझ्याकडं बघायल्यात. तू हात वर करतीस, मग सगळ्यांचे हात वर.

"बुडायची कशाला?" काका म्हणाले. "चांगली चालायली होती. चौकात त्या मोठ्या बँकेची शाखा होती, पण आपल्या बायका तिकडं फिरकायच्या न्हाईत. आपल्याला घेतलं की ठेवी बी आयत्या, गिऱ्हाईक बी आयतं, आन समोरचं दुकान बंद. आजारी म्हैस कोण इकत घेतं का? ताईंना तिकडं संचालकाची खुर्ची पायजे होती."

मला वाटलं, आता म्हणतील, तुझ्या आईला फसवलं. तर म्हणाले, "सभेच्या आधी मी हे सगळं तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, साहेब, ताईंनी मला तिकडं कायम करायचा शब्द दिलाय. पोरीची शाळा हाय."

त्यांचा कागद तिरका छापला. त्याच वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर हे लिहायले. कुठं धाडायचंय ह्याला.

तुला कायम केलंच न्हाई. आपल्या बँकेला कुलूप लागलं, आन तू जिनिंगवर त्याच मावश्यांच्या शेजारी कापूस निवडायला बसलीस. एक मावशी रोज टोचायची, "काय गं, आज कशाला हात वर करू?" तू हसायचीस. मला वाटायचं, फसलेल्या माणसाला कशाला टोचायच्या ह्या. तू मला बी सांगितलं न्हाईस. तू गेल्यावर बी मी त्यांच्याशी ह्याच्यावरून भांडत आले, माझ्या मायला काय म्हाईत न्हव्हतं म्हणून. एरवी मी कुणाशी दोन शब्द बोलत न्हाई. आन शाळा तर ऱ्हायलीच न्हाई, माय.

आज सकाळी तीच मावशी आधारची झेरॉक्स काढायला आली. खरं सांगून टाकायचं, असं मी रात्रीच ठरवलं होतं. ती आपणच म्हणाली, "तुझी माय भोळी होती गं. आमी उगंच बोललो तिला."

मी म्हणाले, "हो, मावशी."

आन तिच्याकडून झेरॉक्सचे पैसे घेतले न्हाईत.