भौतिकशास्त्राचे सोडून दिलेले प्रश्न

सर, मी तुमचा मुरबाडचा विद्यार्थी. नाव लिहीत नाही, कारण तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाही. 'वैशाखरे' एवढीच तुमची हाक असे. वाणिज्य पदवीधर आहे, पन्नाशी ओलांडली आहे, सापगावला राहतो आणि शहापूरच्या बाजारात दुकानांचे हिशेब लिहितो. तुम्ही जाऊन बरीच वर्षे झाली आणि मुरबाडच्या तुमच्या घरात आता कोणी राहत नाही, म्हणून हे पाठवण्याचा प्रश्न नाही. तरीही तुमच्या एका नियमाचे काय झाले, ते तुम्हालाच सांगायला हवे.

बारावीच्या सराव परीक्षेत माझा ताळेबंद जुळत नव्हता. वेळ संपत आली तरी मी त्या एकाच प्रश्नावर बसून होतो; बाकीचा पेपर कोरा. तुम्ही मागून आलात, माझ्या खांद्यावरून पाहिलेत आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे म्हणालात, "काय रे वैशाखरे, एका खाचरात बैल रुतला म्हणून बाकीची खाचरं पडीक टाकणार काय? नाय येत ते सोड. पुढं जा. शेवटी वेळ उरतो, तेवा मागं ये." वर्ग हसला. त्या संध्याकाळी माझी शेवटची एसटी चुकली, तेव्हा तुम्ही मला घरी नेलेत. स्वयंपाकघरात काकूंनी तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे वाढले, आणि जेवता जेवता तुम्ही तोच नियम पुन्हा, या वेळी हळू आवाजात, समजावून सांगितलात. पदवीपर्यंतचा प्रत्येक पेपर मी त्याच नियमाने सोडवला.

माझ्या मुलीला औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला जायचे होते. पदविकेला प्रवेश परीक्षा लागत नाही, असे आमच्या मेडिकलवाल्या शेजाऱ्याने सुचवले, तर ती म्हणाली, "काका, मला गोळ्या विकायच्या नायत, बनवायच्यात." घरून जाऊन-येऊन शिकता येईल असे एकच महाविद्यालय आमच्या आवाक्यात होते. शहापूरच्या क्लासमध्ये संगणकावर सराव घेत. मी तो अनावश्यक ठरवला. तिचे विषय मला येत नव्हते, परंतु परीक्षा कशी द्यावी हे येते, अशी माझी खात्री होती. वर्षभर ती स्वयंपाकघरात बसून कागदावर पेपर सोडवी आणि मी घड्याळ घेऊन समोर बसे. भौतिकशास्त्रात ती अडखळली की मी म्हणे, "सोड. पुढे जा. शेवटी मागे ये." भाकरी थापता थापता तिची आई म्हणायची, "पोरीला शिकवताय का नांगराला जुंपलीय?"

खरी परीक्षा संगणकावर होते; तिच्यात भौतिक आणि रसायन यांचा भाग ठरल्या वेळी आपोआप बंद होतो आणि मग जीवशास्त्राचा उघडतो. बंद झालेल्या भागात परतता येत नाही. तिने भौतिकशास्त्राचे अवघड प्रश्न सोडले आणि तो भाग बंद होईपर्यंत रसायन सावकाश, तपासून सोडवले. जीवशास्त्रानंतर वेळ उरेल, तेव्हा मागे येऊ, या भरवशावर. वेळ उरलाही. परीक्षा केंद्रावरून घरी येताना मी विचारले, "सूचना वाचली नव्हतीस?"

"वाचली ना, बाबा. पण तुमी सांगितलेलं डोक्यात होतं."

यात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या झाल्या. त्या महाविद्यालयाच्या एकाही यादीत ती नव्हती. सर, तुमचा नियम चुकीचा होता असे मी म्हणत नाही. कागदावरच्या पेपराला तो योग्यच होता. मी तो भलत्याच परीक्षेला लावला, आणि ती कशी घेतात हे कोणाला विचारलेही नाही. भर वर्गात मला रागावेल असे आता कोणी उरलेले नाही.

ती पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे. मला आशा दिसत नाही. तिला दिसते की नाही, हे ती सांगत नाही. परवा मी घड्याळ घेऊन समोर बसलो, तर वर न पाहता म्हणाली, "बाबा, आता तुमी नका बसू. मी माझं बघीन." हे रास्त आहे. तेव्हापासून तिने पुस्तक उघडले की मी काम निघाल्याचे सांगून शहापूरला जातो. काम नसते. बाजारात एक फेरी मारतो आणि परत येतो. घरात हे कोणाला ठाऊक नाही.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
सापगाव, तालुका शहापूर
शेवटच्या फेरीनंतरचा रविवार