दुलईतला कापूस

ता. १० नोव्हेंबर १८६४. अमरावती.
पोचलो. मायच्या दुलईतला कापूस गठ्ठा बांधून पाठीवर, खोळ घरीच. अमेरिकेतल्या लढाईपायी कापसाला असा भाव की लोक गाद्या-उशा उसवून विकतात. मी मात्र कंपनी काढणार. लहानपणी मला ताप आला, तेव्हा मायनं हीच दुलई माझ्यावर टाकली अन् स्वतः चुलीपाशी बसून राहिली. कंपनीचा उद्देश तिथंच ठरला: वऱ्हाडात एकाही मायला थंडी वाजू नये. माय म्हणे, कंपनीचं राहू दे बापू, संक्रांतीच्या आत दुलई भरून दे म्हंजे झालं.

ता. ११. सकाळ.
नत्थुजी अडत्यानं भाव बरा सांगितला. नाही म्हणालो. चढू दे. तो म्हणे, एका दुलईचा तं कापूस, अन् ऐट गोदामाची! उद्देश नसलेला माणूस.

ता. १३.
कौंडण्यपूरची जत्रा. केवळ गिऱ्हाईक पाहायला. दोन दिवसांत परत.

ता. २९.
परतलो. तिथं नावाड्याकडे नाव वल्हवायला शिकलो. कंपनीचा माल कधी नदीनं न्यावा लागला तर?

ता. १२ डिसेंबर.
गावचे शेषरावकाका गाडी घेऊन आले होते. म्हणे, तुही माय रिकामी खोळ पांघरून निजते, खोकून राहिली, तू काहून येत नाही? म्हटलं, भाव चढतो आहे. काका म्हणे, भाव पांघरता येते का रे?
अडाणी.

ता. १९.
थंडी फार. गठ्ठा सोडून अंगावर ओढतो. ऊब उत्तम. माल अव्वल आहे.

ता. ३ जानेवारी १८६५.
लढाई संपते म्हणे. भाव कोसळला. नत्थुजी म्हणे, आता हा तूच पांघर. तात्पुरतं आहे. आजच गावी निघालो असतो, पण चपलेचा अंगठा तुटला.

ता. ११. गाव.
उद्या संक्रांत. म्हणजे मुदतीच्या आत पोचलो.
अंगणात माणसं. माय खाली, अंगावर खोळ. जयवंता, माझी धाकटी बहीण, रडली नाही. म्हणाली, दादा, गठ्ठा सोड. चिमूटभर कापूस घेतला, दोन बोळे केले, मायच्या नाकात घातले.

सांज.
नदीवरून आलो. बाकीचा गठ्ठा समोर आहे. थंडी वाजते.
अंगावर ओढवत नाही.