घरत सरांच्या कॅसेटमधली खरखर

४ जाने., रवि.
सकाळी नऊला रविवारची शिफारस पाठवली, ग्रुपवरच्या तेवीस जणांना. नियम तेच. गाणी नाहीत, फक्त पार्श्वसंगीत, आणि तेही ज्याला कुणी विचारलं नाही असं. आज एका जुन्या माहितीपटाचं. गाव धरणात बुडतं तेव्हा एकच सनई, तीही मध्येच थांबते. चौदा अंगठे आले. ऐकलं किती जणांनी देव जाणे. कुलकर्णीबाईंनी अंगठ्यासोबत फुलांचा गुच्छ टाकला, म्हणजे नक्कीच नाही ऐकलं.

पुढचा रविवार घरत सरांचा. ठरलं. पंचवीस वर्षं एका शाळेत होतो, मी मराठी, ते संगीत. जन्मात एकच सिनेमा केला त्यांनी, जासईच्या मिठागरावरचा. पनवेलात आठवडाभर चालला आणि गेला. प्रिंटचा पत्ता नाही. पार्श्वसंगीताची कॅसेट तेवढी उरली, ती माझ्याकडे. निवृत्तीच्या दिवशी सरांनी हातात ठेवली होती. ‘सांभाला, बाई.’

आता सर करंजाड्याला मुलाकडे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. उशीर नको.

६ जाने., मंगळ.
कॅसेट संगणकावर उतरवली. अठरा मिनिटं. शेवटी शेवटी टेपने फीत गिळली. ओढून काढली तर तुकडे. जीव चरकला, पण उतरवून झालं होतं.

पहिल्यापासून खरखर. व्हिडिओ बघून शिकलेय: जिथे संगीत नाही तिथला तुकडा दाखवायचा, हा गोंगाट म्हणायचं, मग प्रोग्रॅम तो सगळीकडून उपसून काढतो. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसती खरखरच होती, तीच दाखवली. बासरी अशी लख्ख झाली की काय सांगू! स्वतःवरच खूश. त्याच नावाने सेव्ह केलं. फितीची गुंतवळ आणि कॅसेटचं खोकं कचऱ्याच्या गाडीत दिलं.

११ जाने., रवि.
पाठवलं. पहिल्यांदाच लोकांनी खरंच ऐकलं. ‘त्या काळात इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग?’ वगैरे. फुशारून दुपारी करंजाड्याला गेले. सर फार वाळलेत. कानाला हेडफोन लावून दिला. मिनिटभरात काढला.

‘बाई, बापूस कुटं गेला?’

मला वाटलं, भ्रम. सून प्रमिला चहा घेऊन आलेली, ती म्हणाली, ‘पप्पा, आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली ना.’

सर चिडले. ‘ते म्हाईत हाय मला! सुरवातीला बापूस मीठ ओढतो. बारा वेला. मंग बासरी येते. नंतर पन तो ओढतच असतो मागं.’

मग सगळं सांगितलं. मिठागरात बांधावर टॉवेलमध्ये माईक गुंडाळून ठेवला होता. वडील लाकडी फळीने मीठ ओढतायत, तो आवाज. स्टुडिओतला म्हणाला, खरखर आहे, काढू. सर भांडले त्याच्याशी. ‘तो ताल हाय. त्याच्यासाठी तबला नाय घेतला मी.’

मी म्हणाले, ‘कॉपी करताना राहिलं असेल, सर. बघते.’

खोटं बोलले. धडधडीत.

१२ जाने., सोम.
संगणकाच्या दुकानात गेले. ‘मॅडम, त्याच्यावरच सेव्ह केलंत ना? मग संपलं.’ संपलं.

जासईला जाऊन तसा आवाज मिळेल का, हाही विचार झाला. मिठागर होतं तिथे आता कंटेनर रचलेत.

तीन वर्षं लोकांना सांगतेय, कान देऊन ऐका. स्टुडिओतल्या माणसाला जे सरांनी करू दिलं नाही ते मी केलं, आणि वर शाबासकी घेतली. लाज वाटते.

१४ जाने., बुध.
संक्रांत. तिळगूळ घेऊन गेले. सरांनी विषय काढला नाही. तेच जास्त लागलं. दारापर्यंत सोडायला आलेली प्रमिला हळूच म्हणाली, ‘दोनदा विचारलं पप्पांनी, बाईंचा फोन आला का म्हणून.’ डॉक्टर म्हणे आता फार काही बोलत नाहीत.

१६ जाने., शुक्र.
दुपारी गच्चीत. पाच किलो खडे मीठ, पाणी शिंपडून. जुन्या कपाटाची फळी. मोबाईल टॉवेलमध्ये. बारा वेळा ओढलं, मग पुन्हा बारा, मग मोजणं सोडलं. हाताला फोड. खालचे सावंत डोकावून विचारतात, लोणचं का? हो म्हटलं.

बासरीखाली बसवलं. बरं वाटतंय. मूळ कसं होतं ते मात्र आठवत नाही. मी ते ऐकलंच नव्हतं, काढायच्या नादात होते.

१७ जाने., शनि.
खरं सांगायचं ठरवून गेले होते. सरांनी हात पुढे केला, मी हेडफोन दिला.

डोळे मिटलेले. चादरीवर एक बोट. एक, दोन, तीन... नवव्याला बोट थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. अठराच्या अठरा मिनिटं ऐकलं त्यांनी. मी फोडाचा हात पदराखाली धरून बसले होते.

हेडफोन काढून म्हणाले, ‘बापूस दमलाय आज.’

एवढंच. चेहऱ्यावरून काही कळेना. ओळखलं? की खरंच... विचारायची हिंमत झाली नाही.

निघताना म्हणाले, ‘आता द्या सगल्यांना. माजं नाव नको, बाई. बापसाचं टाका.’

१८ जाने., रवि.
नऊ वाजून गेले.

‘मीठ ओढणं : कै. पांडुरंग घरत’ असं लिहिलं. खोडलं. ‘मागच्या रविवारी तुम्ही ऐकलंत ते माझ्या हातून बिघडलेलं होतं, आणि आजचं’, इथवर लिहिलं. तेही खोडलं.

तेवढ्यात प्रमिलाचा मेसेज. ‘बाई, पप्पांना ग्रुपमध्ये घ्या ना. लोक काय म्हणतात ते त्यांना स्वतः वाचायचंय. सकाळपासून फोन घेऊन बसलेत.’

घेतलं. चोवीस झाले.

कुलकर्णीबाई विचारतायत, आज शिफारस नाही का?

सर ऑनलाईन दिसतायत.