जंत्रीचं कुलूप

ती. वन्सं,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिन्याचा कठडा धरत जा, तो शोभेसाठी नसतो.

काल यांच्या कचेरीतलं सामान आलं : एक स्वेटर (कोपराला माझंच रफू), कानतुटका कप, चष्म्याचं रिकामं घर आणि कागदांचा गठ्ठा. हमालाने चाळीस घेतले. ठरले होते तीस, पण खोकं टेकवताना तो ‘साहेब चांगले होते’ म्हणाला आणि माझ्याच्याने घासाघीस होईना. चौतीस वर्षांच्या नोकरीचं एकच खोकं, वन्सं, तेही अर्धं रिकामं.

तुम्हाला ठाऊकच आहे, कॉलेजातली ती मोठी सामायिक यंत्रं, सर्व्हर म्हणतात ती, यांच्या हाती होती. ग्रंथालय, वसतिगृह, परीक्षा विभाग, सगळं त्यांच्यावर चालतं. कुठल्या यंत्राने कसं वागायचं हे ज्या फायलींत असतं, त्या हेच लिहीत. हे गेल्यावर (उद्या चार महिने होतील) यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी त्या नीट लावायला घेतल्या. बाई हुशार आणि माणूसही चांगलं. पण एका फायलीवर नाव ‘छपाई’ आणि आत ग्रंथालय. दुसरीवर ‘जुनं, फेकायचं’ आणि आत अख्खा परीक्षा विभाग. बाईंनी ती फेकली. (कोणीही फेकली असती.) दोन दिवस ना निकाल, ना गुणपत्रिका. तिसऱ्या दिवशी बाई आमच्या दारात.

‘काकू, साहेब फायली कुठल्या पद्धतीने लावायचे हो?’ मी मॅट्रिक झालेली बाई, मला काय कळणार? म्हणून आधी चहा टाकला. पत्ती काढली मिठाच्या डब्यातून, साखर ‘साबण’ लिहिलेल्या डब्यातून, आणि बाई डब्यांकडे बघतच राहिल्या. माझी सवय तुम्ही जाणता. गळेपर्यंत डबा टाकायचा नाही आणि चिठ्ठी खरवडत बसायचं नाही. हाताला माहीत असलं की झालं. एकतीस वर्षं यांनी त्यावरून माझी टर उडवली आणि कचेरीत जाऊन हुबेहूब तेच केलं! नवी फाइल म्हणून उघडली नाही, जुनीच पुसून वापरली. मला हसू फुटलं. मग चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. बाई एकेक फाइल वाचत, मी सांगे : रोजचं हाताशी असेल, वर्षातून एकदाचं वरच्या फळीवर, आणि ‘फेकायचं’ला तर हातच लावू नका, मोलाचं आम्ही तिथेच ठेवतो. (आमचे दागिने ‘रद्दी’ लिहिलेल्या डब्यात आहेत. पत्र वाचून फाडा.) फेकलेल्या फायलीची प्रत ‘चिंध्या’ नावाखाली सापडली आणि परीक्षा विभाग सुरू झाला.

त्या फायलींत काही ओळी यंत्र वाचतच नाही. ते नुसते माणसांसाठी लिहिलेले शेरे. एके ठिकाणी : ‘ही ओळ का आहे माहीत नाही. काढली की वसतिगृह ओरडतं.’ आणखी एके ठिकाणी : ‘बाकीचं उद्या. हिचं डोकं दुखतंय.’ तारीख अकरा वर्षांपूर्वीची. घरी येऊन माझी हिशेबाची वही काढली. त्या दिवशी फक्त दूध आणि शिवणाचे दोरे आहेत. डोकं दुखल्याचं नाही. हे लवकर आल्याचंही नाही.

आता बाई सगळं नव्याने मांडणार, म्हणजे शेरे जाणार. यंत्राला त्यांचा काय उपयोग? मी तक्रार करत नाही. देवाची इच्छा.

तुमची,
धाकटी भावजय

ता.क. : एक विसरले. सगळ्या फायलींची जंत्री एका कुलूपबंद (पासवर्ड घातलेल्या) फायलीत आहे. तिच्या बिनकुलपाच्या पहिल्या ओळीत यांचा शेरा : ‘कुलूप, ताईच्या मांजरीचं नाव. हिला माहीत नाही, म्हणून सुरक्षित.’ एकतीस वर्षांत तुमच्या मांजरीबद्दल मला कोणी चकार शब्द सांगू नये? (मांजरीला दूध घालणं म्हणजे उधळपट्टी, असं मी लग्नानंतर एकदा म्हणाले होते. तेवढ्यावरून?)

ता.क. दुसरा : बाईंचा तुम्हाला फोन येईल. आमच्याकडे मांजर कधी नव्हतीच, असं सांगा. देवाची क्षमा मी मागून ठेवली आहे, तुमच्या वाटणीचीही. तक्रार नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. जंत्रीची एक प्रत बाईंनी मला घरच्या संगणकावर घालून दिली आहे. आधी मला एकटीला वाचू द्या, आतले शेरे वहीत उतरवू द्या, मग बाईंना नाव मीच सांगेन. नवी मांडणी त्या सोमवारी सुरू करणार आहेत. मांजरीचं नाव तेवढं पत्रात कळवा, फोनवर हे विचारणं मला जमायचं नाही.

ता.क. तिसरा : मांजर कुठल्या रंगाची होती, तेही लिहा. कुलपाला रंग लागत नाही, मला लागतो. जबाबी लिफाफा सोबत आहे (जुनाच, उलटून चिकटवलेला). उलट टपाली कळवा.