पिल्लू द्यायच्या आधी

पडेगाव,
७ फेब्रुवारी १९९४

प्रिय गोजर,

तुझा पत्ता आमच्या मल्हारीकडं मागितला तेव्हा तो हसला. "आबा, ती रोज आमच्याच बसला असती. निरोप द्या की, पत्र कशाला?" मी म्हटलं, निरोपात मावणार नाही रे. मग त्यानं कॅलेंडरचं जानेवारीचं पान फाडून त्याच्यामागं पत्ता लिहून दिला. ते पान चार दिवस उशाखाली ठेवलं आणि आज, घरात कुणी नाही असं बघून लिहायला बसलो.

तू माझ्या नातीला, मुक्तीला, मांजरीचं पिल्लू देऊ केलंस त्याला तीन आठवडे झाले. ते आणायचं की नाही यावर आमच्या घरात रोज पंचायत बसते, आणि अडवून धरणारा मी एकटा. सुगंधा, आमची सून, म्हणते, "उंदरानं ज्वारीचं पोतं फोडलं. मांजर आणा, न्हायतर आबा तुम्ही बसा पोत्यापाशी." मी म्हटलं, मांजराच्या केसानं मला खोकला होईल. मल्हारी म्हणाला, "बिडी सोडा, हाय तोबी जाईल." मी म्हटलं, दौलताबादच्या रस्त्यानं दिवसभर ट्रक जातात, चिरडून मरेल बिचारं. त्यावर मुक्ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी त्याला सांगून ठिवीन, रस्त्यावर गेलास तर आबा लई रागावत्यात." पाच वर्षांची आहे. दाराच्या कडेला तिनं एक बशी मांडून ठेवली आहे आणि रोज सकाळी तिच्यात पाणी ओतते. दूध का नाही विचारलं, तर म्हणे, दूध मांजर आल्यावर, आत्ता बशीला सवय लावतेय.

नावावरूनही भांडण झालं. मुक्तीला राणी म्हणायचंय आणि सुगंधाला मनी. शेवटी मल्हारी म्हणाला, "विद्यापीठाचं झालं तसं करा. नामांतर नको, नामविस्तार करा. मनी राणी." सगळे हसले. मीही हसलो, आणि चप्पल घालून बाहेर जाऊन बसलो. खोकल्याचं कारण खोटं आहे, गोजर. तुला एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते पिल्लू मला या घरात घेता येत नाही. आणि ती ऐकल्यावर तू ते द्यावंस, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तू पेढे घेऊन आलीस. सोळा वर्षांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं, तुमच्याकडं दिवाळी होती. आमच्याकडं तिळगूळ होता, तुझ्या हातात पेढे. मल्हारीनं ओळख करून दिली, आमच्या पॅकिंगमधल्या गोजरबाई म्हणून. तू माझ्याकडं बघत राहिलीस आणि म्हणालीस, "त्रिंबक काका ना तुम्ही? म्या कडुबाची गोजर." माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. मग तू सगळ्यांना सांगितलंस. "त्या दिशी समद्या गावानं दारं लावून घेतली व्हती. या काकांनी तेवढं उघडलं. आमची मांजर अन् तिची पिलं ठिवून घेतली. मला लई याद येती त्याची." आणि वाकून पाया पडलीस. तेव्हा बाही वर सरकली आणि तुझा उजवा हात कोपरापर्यंत दिसला. आशीर्वादाचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. म्हातारा गहिवरला, असं सगळ्यांना वाटलं.

तेव्हापासून या घरात माझा थाट वाढला आहे. मल्हारीनं कंपनीत दहा जणांना सांगितलं. शेजारचे बद्रीनाथ मास्तर परवा म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं होती म्हणून निभावलं, त्रिंबकराव." सुगंधा चहात साखर जास्त घालते. हे सगळं तुझ्या एका वाक्यावर उभं आहे.

तुझा बाप माझा शाळेतला सोबती. निजामाच्या अमलातली ती शाळा, एक खोली आणि पुढं ओटा. आम्ही खोलीत बसायचो, कडुबा ओट्यावर. मला कवितेचं भारी वेड, आजही आहे. दुपारी पडल्या पडल्या जुन्या ओळी तोंडात घोळवत बसतो आणि सुगंधा विचारते, कुणाशी बोलताय. पण तेव्हा गुरुजींपुढं उभा राहिलो की दुसऱ्याच कडव्याला माझी गाडी अडायची. अडली की खिडकीच्या गजातून पुढची ओळ यायची, हळूच, चालीसकट. गुरुजींना आवाज कळायचा. ते फळ्याकडं तोंड करून उभे राहायचे. चार यत्ता मी तुझ्या बापाच्या आवाजावर पास झालो. पुढं तो गावकीच्या कामाला लागला, मी मेंढरांमागं. रानात गाठ पडली की बाभळीखाली बसून आम्ही त्याच कविता म्हणायचो, दोन बाप्ये, पोरांसारखे माना हलवत. तहान लागली की मी त्याला पाणी वरून ओतायचो आणि तो ओंजळीनं प्यायचा. कवितेत आम्ही एक होतो, तांब्यापाशी दोन. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही, हेही लिहून ठेवतो.

तुमची करडी मांजर मात्र गावात कुठंही जायची. पाटलाच्या चुलीपाशी ऊब घ्यायची, आमच्याकडं दुधाच्या भांड्यात तोंड घालायची, आणि संध्याकाळी तुमच्या वस्तीत परत. तिला कुणी शिवाशीव विचारली नाही. माझी राजाबाई तिला चुलीतलं लाकूड दाखवायची आणि मग स्वतःच भाकरीचा तुकडा टाकायची.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि आठ दिवसांत वारं फिरलं. ज्यांनी विद्यापीठाची पायरी बघितली नव्हती ते पारावर बसून नाव वाचवायच्या गोष्टी करू लागले. मी पारावरून जाताना मान खाली घालायचो. आमची मेंढरं त्यांच्याच रानात बसायची, त्या खतावर आमचं धान्य. मी नावाच्या बाजूनं बोललो नाही, विरोधात बोललो नाही. गप्प बसणं म्हणजे कुठंच नसणं, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

त्या दिवशी आखाड सरत आला होता, झिमझिम चालू होती. तिसऱ्या प्रहरी तू आलीस. आठ वर्षांची असशील. डोक्यावर पोत्याची खोळ, दोन्ही हातांत टोपलं, त्यात पंधरा दिवसांची तीन पिलं, आणि मागून करडी ओरडत येत होती. मल्हारी आजोळी फर्दापूरला होता, घरात मी आणि राजाबाई. तू उंबऱ्याबाहेर उभी राहिलीस आणि पाठ केलेल्या कवितेसारखं एका दमात म्हणालीस, "काका, आय म्हणली, लेकरं ठिवून घ्या." मी टोपलं घेतलं. राजाबाई मागून म्हणाली, "पोरीलाबी राहू द्या की हितंच. पाऊस हाय." मी म्हणालो, "मांजर राहील. पोरीची आई वाट बघत असेल." तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणालो, "आपल्याला या गावात राहायचंय." माझा बाप मेंढक्या होता. दुसऱ्याच्या कळपातलं कोकरू चुकून आमच्यात आलं तर त्या दिवशी ते हाकलू द्यायचा नाही. आज निजू दे, सकाळी धनी येईल शोधत, म्हणायचा. त्याच बापाचा मी मुलगा.

दिवेलागणीला तुमच्या वस्तीकडून धूर दिसला. मी कडी लावून घेतली. आत करडी पिलांना चाटत पडली होती, बाहेर आरडाओरड चालली होती, आणि मी भिंतीला टेकून एक कविता आठवायचा प्रयत्न करत होतो. दुसरं कडवं काही केल्या आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, जळतं छप्पर पडलं ते तुझ्या हातावर. कडुबानं तुला खांद्यावर घेतलं आणि पायी गंगापूर गाठलं. तिथून तुम्ही औरंगाबादेला गेलात ते गावात परत आलाच नाहीत.

पुढं मेंढरं विकली आणि मीही शहरात आलो, चिकलठाण्याला एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी. कारखाने वाढत होते, कुणी कुणाचं गाव विचारत नव्हतं, ते मला बरं वाटलं. कडुबा बांधकामावर जातो असं ऐकलं, मग वारला असं ऐकलं. चार कोसांवर होतो, मातीला गेलो नाही. तुझी आई मात्र मला एकदा भेटली होती. हे तिनं तुला सांगितलं नसावं. शहागंजात भाजी घेत होतो, समोर चतुराबाई. पळायला वाट नव्हती. ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं राजाबाईची तब्येत विचारली. मग मेथीची जुडी पिशवीत ठेवत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "लेकरं जगली का हो?" मी म्हणालो, जगली, तिन्ही. ती म्हणाली, "चांगलं झालं," आणि गर्दीत निघून गेली. मागच्या दिवाळीत ती गेली असं तू सांगितलंस, तेव्हा मला रडू येण्याआधी हायसं वाटलं. राजाबाई तर आधीच गेली, आता सांगणारं कुणी उरलं नाही, असं. त्या हायसं वाटण्याची मला इतकी किळस आली की त्याच दिवशी हे पत्र लिहायचं ठरलं.

तर आता ते सांगतो. तुझ्या हातातून टोपलं घेतलं तेव्हा ते जड लागलं. पंधरा दिवसांच्या तीन पिलांचं एवढं वजन नसतं. मी वरचं फडकं उचललं. पिलांच्या खाली तुझा दुसरा परकर होता, घडी केलेला, त्यात दोन भाकरी बांधलेल्या, आणि कडेला उभी तुझी पाटी. मांजरीच्या पिलांना कुणी भाकरी बांधून देत नाही, गोजर, आणि पाटी तर मुळीच नाही. पोर ठेवून घ्या म्हणायला चतुराबाईला धीर झाला नसेल. तुला कळलं असतं तर तू आलीही नसतीस. म्हणून तिनं तुला मांजरीच्या निमित्तानं पाठवलं, आणि कडुबाच्या सोबत्याला कळेल एवढा भरवसा ठेवला. मला कळलं होतं. तू मागं वळून करडीला हाका मारत होतीस, तुझं लक्ष नव्हतं. मी फडकं सारखं केलं आणि म्हणालो, जा, आईला सांग, काकांनी लेकरं ठेवून घेतली. तुझ्या वस्तू घरात जळाल्या असंच तू आजवर समजत असशील. परकर पिलांखाली अंथरला गेला, आणि ती पाटी पुढं मल्हारीनं दोन वर्षं शाळेत नेली. आज संध्याकाळी तो कामावरून आला की त्याला हे सगळं सांगणार आहे, मुक्तीसमोर नाही, पण सुगंधासमोर. तू रागानं पत्र फाडलंस तरी माझं म्हणणं नाही. पिल्लू दिलंस तर मुक्तीचं म्हणून दे; काकांनी दार उघडलं होतं म्हणून देऊ नकोस. दार उघडलं होतं खरं, तुला बाहेरच ठेवून लावून घेतलं. त्या पावसात तू उड्या मारत गेलीस, पोत्याची खोळ घसरली तीही सावरली नाहीस. चतुराबाई दारातच उभी असेल. तिनं आधी तुला येताना बघितलं असेल, आणि मग तुझे रिकामे हात.

काका म्हणावंस असं काही उरलं असेल तर,
तुझाच
त्रिंबक